माळ्यावरचा टीव्ही गेम हातात घेऊन खेळता येतो! घरगुती पोर्टेबल कन्सोलमागचं गणित काय?

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्या नाहीतर शेजाऱ्यांच्या घरात तरी टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम असायचाच. कॅसेट लावायची, चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि मग मारिओ किंवा कॉन्ट्रा. आज तो डबा कुठेतरी माळ्यावर पडून आहे.

आता समजा, तोच डबा सोबत घेऊन तुम्ही साईनगर शिर्डीहून वंदे भारतने मुंबईला निघालात. प्रवास पाच तासांहून जास्त. जोडायला टीव्ही नाही. तरी कॉन्ट्रा खेळता येईल? येईल. जगभरातले हौशी लोक जुने कन्सोल उघडून, त्यांना स्क्रीन आणि बॅटरी जोडून हातात धरायचं यंत्र बनवतात. पण यात अवघड भाग डबा लहान करणं हा नसून वीज हा आहे.

हे सुरू कुठून झालं?

या छंदातलं सगळ्यात गाजलेलं नाव बेंजामिन हेकेंडॉर्न या अमेरिकन माणसाचं. त्याने २००० साली अटारी २६०० हा १९७७ चा कन्सोल कापून हातात मावेल असा केला. कंपन्यांनीही हे करून पाहिलं होतं. सेगाने १९९५ मध्ये 'नोमॅड' आणला. टीव्हीवरच्या कन्सोलच्याच कॅसेट त्यात चालायच्या, पण सहा पेन्सिल सेल दोन-तीन तासांत संपायचे. म्हणजे तिथेही घात केला तो बॅटरीनेच.

आपल्याकडे घरोघरी जे गेम होते, ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. नकला करणाऱ्यांनी पुढे त्यातल्या अनेक चिपांचं काम एकाच चिपवर आणलं. तुमचा डबा उघडलात तर हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसेल, तीच ती चिप. पोर्टेबल बनवणाऱ्याला हे सोयीचं आहे, कारण सर्किट मुळातच लहान असतं. फक्त त्या थेंबाला धक्का लावायचा नाही. तो गेला की गेम गेला, दुरुस्ती नाही.

वीज कुठे वाया जाते?

अशा गेमचा अडॅप्टर बहुधा ९ व्होल्टचा असतो, चिपला मात्र ५ व्होल्टच लागतात. मधले ४ व्होल्ट कमी करण्याचं काम ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर करतो. कसं? उष्णता करून. म्हणजे १०० युनिट वीज दिली तर त्यातली ४४ नुसती तापण्यात जाते. भिंतीतल्या प्लगवर याचं कुणाला काही वाटत नाही, बॅटरीवर मात्र हा जवळपास निम्मा खेळ असतो. म्हणून जाणकार तो रेग्युलेटर काढून थेट ५ व्होल्ट देतात.

हे ५ व्होल्ट आणायचे कुठून? लिथियमचा एक सेल सरासरी ३.७ व्होल्ट देतो. तो वाढवून ५ करणारी छोटी पट्टी मिळते, तिला बूस्ट कन्व्हर्टर म्हणतात. तिच्यावरचा स्क्रू फिरवून व्होल्टेज ठरवायचं असतं. गेमला जोडण्याआधी मल्टिमीटर लावून ५ आलेत का ते बघायचं. हे न बघता जोडलं आणि १२ व्होल्ट गेले, तर वर सांगितलेला काळा थेंब तिथेच संपतो.

आता आपला प्रवास. २५०० एमएएचचा सेल म्हणजे ३.७ गुणिले २.५, साधारण सव्वानऊ वॅट-तास. कन्व्हर्टरमध्ये थोडी वीज जाऊन आठच्या आसपास उरते. गेम आणि स्क्रीन मिळून ३ वॅट खात असतील, तर खेळ अडीच तासांचा. म्हणजे नाशिक सोडल्यावर लवकरच गेम ओव्हर. मुंबई गाठायची तर दोन सेल समांतर जोडावे लागतील, तेही नवे, एकाच कंपनीचे आणि जोडताना सारख्याच व्होल्टेजचे.

सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर पैसे खिशातच ठेवा. १८६५० आकाराच्या (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) चांगल्या सेलची मजल साधारण ३५०० पर्यंतच जाते.

स्क्रीन आणि बाकीचं

यासाठी हौशी लोकांचा आवडता जुगाड म्हणजे कारच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा ४.३ इंची स्क्रीन. त्याला पिवळ्या पिनची व्हिडिओ वायर लागते, जी बऱ्याच टीव्ही गेमना असतेच. हा स्क्रीन १२ व्होल्टचा म्हणून विकला जातो, पण आत बहुतेकदा त्याहून कमी व्होल्टेजवर चालतो. तो किती व्होल्टवर चालतो ते मोजूनच पुढे जा.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतात. सुरुवात करताना गेम न कापता आधी टेबलावर सगळं वायरने जोडून चालवून बघा, डब्याचा विचार नंतर.

मोठ्या आकाराचा पहिला प्लेस्टेशन २ किंवा ज्याची २३० व्होल्टची वायर थेट आत जाते असा कुठलाही कन्सोल नवख्याने उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये झटका बसण्याइतकी वीज राहू शकते.

चार्जिंगसाठी टीपी४०५६ नावाची स्वस्त पट्टी मिळते. बॅटरीला संरक्षण देणारं सर्किट असलेलीच घ्या. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, होल्डर वापरा किंवा दुकानातून पत्ती वेल्ड करून घ्या. सेल फुगला, गरम झाला किंवा त्यावरचं प्लास्टिक फाटलं, तर तो घंटागाडीतही टाकायचा नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा.

आणि विमानाने निघालात तर?

काकडीचा शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला, त्यामुळे हा प्रश्नही येणारच. सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाहीत, ते जवळच्या बॅगेतच ठेवावे लागतात आणि त्यांची टोकं झाकलेली हवीत. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे, आपले दोन सेल जेमतेम साडेअठरा भरतात. तरीही बाहेर लोंबणाऱ्या वायरी आणि इन्सुलेशन टेप गुंडाळलेला डबा स्कॅनरमध्ये दिसला, तर सुरक्षा रक्षक तो उघडायला सांगणारच आणि शेवटचा शब्द त्यांचाच. त्यापेक्षा सेल काढून वेगळ्या डबीत ठेवा आणि तो डबा ट्रेनच्या प्रवासासाठी राखून ठेवा.