उताणे की पालथे?

मोठ्या माणसाने कोणत्या कुशीवर निजावे याबद्दल आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही. जेवणानंतर वामकुक्षी करावी, उत्तरेकडे डोके करू नये, छातीवर हात ठेवून निजू नये, असे कितीतरी नियम आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकतो आणि दिवा मालवला की हवे तसे निजतो. झोपेत शरीर आपल्या सोयीने कूस बदलते, अवघडलेला हात सोडवून घेते. पण घरात एक जीव असा असतो की ज्याला ही मुभा नाही. तो म्हणजे दोन-तीन महिन्यांचे तान्हे मूल. त्याला जसे ठेवावे तसे ते पडून राहते. त्याच्या वतीने निवड करतात ती मोठी माणसे. आणि ही निवड चुकली तर काय होते, याचा इतिहास फार जुना नाही.

रात्री धडधाकट असलेले मूल सकाळी निपचित सापडावे, हे दुःख मात्र जुनेच आहे. बायबलात शलमोन राजाच्या न्यायाची कथा आहे. एका मुलावर हक्क सांगत दोन स्त्रिया राजापुढे येतात. त्यांतल्या एकीचे मूल रात्री तिच्या अंगाखाली सापडून दगावलेले असते. पुढे कित्येक शतके युरोपात अशा प्रत्येक मृत्यूचा दोष झोपलेल्या आईवर किंवा दाईवरच येई. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात तर मुलाभोवती ठेवायची एक लाकडी कमान होती. दाईची कूस वळली तरी भार कमानीवर पडावा, मुलावर पडू नये, अशी ती योजना. पुढे पाश्चात्य घरांत मूल वेगळ्या पाळण्यात निजू लागले, तरी हे मृत्यू थांबले नाहीत. १९६९ साली अमेरिकेत भरलेल्या परिषदेत तज्ज्ञांनी त्यांना 'अकस्मात शिशुमृत्यू' या अर्थाचे नाव दिले. नाव मिळाले, कारण मिळाले नव्हते.

आणि नेमक्या याच काळात पाश्चात्य देशांतली मुले पाठीवरून पोटावर वळवली जात होती.

डॉ. बेंजामिन स्पॉक हे अमेरिकेतले नामांकित बालरोगतज्ज्ञ. त्यांचे बालसंगोपनावरचे पुस्तक १९४६ साली निघाले आणि घरोघर पोहोचले. पुढे त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. आयांना धीर देणारे, आपल्या शहाणपणावर विश्वास ठेवा असे सांगणारे ते पुस्तक. पण पन्नाशीच्या दशकातल्या आवृत्तीपासून त्यात मुलाला पालथे निजवण्याकडे कल दिसू लागला. कारणे दोन. उताण्या मुलाला उलटी झाली तर ते गुदमरेल. शिवाय एकाच बाजूला मान करून निजले तर डोके चपटे होईल. दोन्ही कारणे ऐकणाऱ्याला चटकन पटण्यासारखी. असे सांगणारे स्पॉक एकटे नव्हते. इतर पुस्तकांतून आणि डॉक्टरांकडूनही हाच सल्ला मिळे. त्यात भर पडली इस्पितळांची. अपुऱ्या दिवसांच्या आजारी मुलांना पालथे ठेवले की त्यांचा श्वास सुधारतो, असे दिसले होते. ती मुले परिचारिकांच्या डोळ्यांसमोर असत. पण त्यांच्यासाठी काढलेली रीत धट्ट्याकट्ट्या मुलांनाही लागू झाली. घरी रात्रभर जागून त्यांच्यावर कोण नजर ठेवणार?

सल्ला ज्यांनी दिला त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कोणी फायद्यासाठी हे केले नाही. फक्त तो सल्ला देण्याआधी पडताळून पाहण्याचे कोणाला सुचले नाही.

गुदमरण्याचा तर्कच घ्या. मूल उताणे असताना त्याची श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरायचे तर त्याला चढ चढावा लागतो. मूल पालथे झाले की हीच रचना उलटी होते. म्हणजे ज्या भयाने मूल पालथे घातले, ते भय पालथेपणीच अधिक खरे. शिवाय पालथ्या मुलाचे तोंड गादीत रुतते, आपणच सोडलेली हवा ते पुन्हा आत घेते, अंग अधिक तापते, आणि झोप इतकी गाढ लागते की श्वास अडला तरी जाग येत नाही.

शंका पहिल्यांदा आली ती मृत मुलांच्या घरी जाऊन बसणाऱ्या माणसांना. ऑस्ट्रेलियातील अॅडलेडच्या डॉ. सुझन बील वर्षानुवर्षे अशा घरी जात राहिल्या. मूल कसे निजवले होते, कसे सापडले, हे आईबापांना हळुवारपणे विचारत राहिल्या. १९८५ साली हाँगकाँगहून एक निरीक्षण प्रसिद्ध झाले, की तिथल्या चिनी घरांत मुले उताणी निजतात आणि असे मृत्यू विरळा. हॉलंडमध्ये १९८७ साली पालथे निजवण्याविरुद्ध उघड मोहीम सुरू झाली. न्यूझीलंडमध्ये १९८७ ते १९९० अशी तीन वर्षे पद्धतशीर पाहणी झाली आणि तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या : पालथे निजणे, आईचे धूम्रपान आणि अंगावरचे दूध न मिळणे.

इंग्लंडमध्ये १९९१ साली दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय निवेदिका ॲन डायमंड यांचे तान्हे मूल असेच गेले. त्या बाई रडत बसल्या नाहीत. न्यूझीलंडला जाऊन तिथे काय कळले आहे ते त्यांनी पाहिले आणि सरकारच्या पाठीस लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस 'मूल पाठीवर निजवा' ही मोहीम उभी राहिली. अमेरिकेत १९९२ साली बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने तोच सल्ला दिला आणि १९९४ साली देशभर प्रचार सुरू झाला. ना नवे औषध, ना लस, ना यंत्र. मूल फक्त वळवून ठेवायचे होते. आणि काही वर्षांतच या दोन्ही देशांतले अकस्मात शिशुमृत्यू निम्म्याहून खाली आले.

खरी चटका लावणारी गोष्ट नंतर कळली. २००५ साली लंडनच्या रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने सारे अभ्यास एकत्र मांडले. त्यांतून दिसले, की पालथे निजणे घातक आहे हे १९७० सालीच कळू शकले असते. पुरावा होता, पण सुटासुटा पडलेला. तो एके ठिकाणी आणून कोणी वाचलाच नाही. पालथ्या घड्यावर पाणी! त्यांच्या हिशेबाने वेळीच तो वाचला गेला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून निदान ५०,००० मुले वाचली असती. इंग्लंडचे डॉ. इयन चाल्मर्स यांनी तरुणपणी स्पॉकचे पुस्तक वाचून हाच सल्ला आयांना दिला होता. पुढे त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले, आणि पुरावे एकत्र करून तपासण्याच्या कार्याला आयुष्य वाहिले.

इकडे आपल्या घरी काय चालले होते? आपली मुले पाळण्यात किंवा झोळीत उताणीच निजत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण उताण्या मुलावाचून सुचली नसती. पण म्हणून 'आमच्या आज्यांना सारे ठाऊक होते' असे म्हणण्याची घाई करू नये. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची रीतही आपलीच. आजचे वैद्यकशास्त्र तान्ह्याला कोणतीच उशी नको म्हणते. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या कित्येक आया मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत, तीही रीतच होती. रीत जुनी म्हणून खरी नव्हे आणि पुस्तकात छापली म्हणूनही खरी नव्हे. दोन्ही तपासून घ्याव्या लागतात.

कित्येक घरांत या दिवाळीला एखाद्या बाळाची पहिली आंघोळ असेल. तेल-उटणे होऊन, पोटभर दूध पिऊन ते पेंगुळले, की सपाट, घट्ट अंथरुणावर त्याला उताणे ठेवावे. उशी, दुलई, मऊ खेळणी दूर ठेवावीत. खोलीत विडी-सिगारेटचा धूर नसावा. ते मोठ्यांच्याच खोलीत असावे, पण अंथरूण त्याचे वेगळे. डोके चपटे होईल ही काळजी असेल, तर ते जागे असताना, आपण जवळ बसून, थोडा वेळ पोटावर खेळवावे. पुढे ते आपले आपण दोन्हीकडे वळू लागले, की रात्री उठून त्याला पुन्हा सरळ करण्याची गरज नाही. त्या दिवसापासून आपली कूस ते आपणच निवडील.