रंग कशात घोटला होता?

अमूर्त चित्राविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं, ते ध्यान, मौन आणि अवकाश यांच्याबद्दल. रंग कशात घोटला होता, हे फारसं कुणी लिहीत नाही. अंधेरीच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, म्हणून मला आधी तेच विचारावंसं वाटतं.

चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेऊन बाहेर पडले. पुढे त्यांच्या हाती कुंचल्याऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ आले. पातळ थर चढवायचे, ओल्या रंगावर कागद दाबून काही रंग उचलायचा. रंग किती ओला आहे, यावर सारी भिस्त.

प्रभाकर बरवे यांनी तर कॅनव्हासवर इनॅमल घेतला, दारं-खिडक्यांना लावतात तो ऑइलपेंट. नळीतला तैलरंग जवसाच्या तेलात घोटतात. तो लोण्यासारखा उभा राहतो, प्रत्येक फटकारा जपतो, सुकायला दिवसच्या दिवस घेतो. इनॅमल वाहतो, आपला आपण सपाट होतो, फटकारा गिळून टाकतो. बरव्यांची चित्रं पूर्ण अमूर्त नव्हेत. त्यांत घड्याळ, पान ओळखू येतं. पण त्यांचा तो तुकतुकीत, निर्हेतुक वाटणारा अवकाश डब्यातल्या रंगाचीच देणगी आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि हा रंगांचा धंदा वाढला आमच्या उपनगरांत. गिरगावात १९३१ साली दांडेकर बंधूंनी ‘घोडा छाप’ शाईच्या पुड्या आणि गोळ्या काढल्या. त्यांचाच व्यवसाय पुढे कॅम्लिन कंपनी झाला. सुभाष दांडेकर ग्लासगोला रंगांचं रसायनशास्त्र शिकून आले आणि साठच्या दशकात कंपनी चित्रकारांच्या रंगांत उतरली. अंधेरीचं जे. बी. नगर म्हणजे आमच्या लेखी कॅम्लिनच. १९४२ची एशियन पेंट्सही मूळची दक्षिण मुंबईतली; तिचा कारखाना भांडुपला आला.

आयातीवर निर्बंध असताना विलायती नळी थेंबाथेंबानं वापरावी लागे. देशी रंग आला तेव्हा तो वाया घालवायची मुभा मिळाली, आणि प्रयोगाला तीच लागते. वर्गात बादलीभर पाण्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तैलरंग सोडून आम्ही कागद टेकवायचो. उमटलेलं चित्र कशाचं, असं एकाही मुलानं कधी विचारलं नाही.

तुमच्या घरात कुणी या कारखान्यांत रंग घोटला असेल, शेड जुळवल्या असतील, तर त्यांना विचारून सगळं लिहून ठेवा. जुनी शेडकार्डं रद्दीत घालू नका.