न्यूटचं भिंग: प्रश्न वोल्फचा, उत्तर न्यूटचं

पेट किंवा नेटसाठी ‘संशोधन पद्धती’ वाचताना एक क्रम तुम्ही पाठ केलेला असतो: आधी प्रश्न, मग प्रयोग, मग निष्कर्ष. परीक्षेपुरतं ठीक आहे. पण जुने शोधनिबंध वाचायला लागलात की कळतं, प्रश्न मरतो, निष्कर्ष मोडीत निघतो आणि मधला प्रयोग तेवढा जिवंत राहतो. त्याचं मला आवडणारं उदाहरण न्यूटच्या डोळ्यातलं आहे.

न्यूट म्हणजे बेडकासारखाच उभयचर, पण शेपटीवाला. आपल्याकडे सह्याद्रीत तो सापडत नाही. भारतात बघायचा तर दार्जिलिंगच्या डोंगरात जावं लागतं. युरोपात मात्र तळ्यातळ्यात असतो, त्यामुळे प्रयोगशाळेत आणायला सोपा.

1895 मध्ये गुस्टाव वोल्फ या जर्मन डॉक्टरने एक निबंध छापला. त्याने न्यूटच्या पारपटलाला (डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याला) बारीक छेद दिला, आतलं भिंग अलगद बाहेर काढलं आणि वाट पाहिली. काही आठवड्यांत नवं भिंग तयार! शेपटी किंवा पाय पुन्हा उगवतात हे तोवर सगळ्यांना माहीत होतं. इथे धक्का वेगळाच होता. गर्भात भिंग तयार होतं ते डोक्यावरच्या त्वचेपासून. हे नवं भिंग उगवलं बुबुळाच्या वरच्या कडेपासून. तिथल्या रंगीत पेशी आपला रंग टाकतात, विभागतात आणि भिंगाच्या पेशी होतात. म्हणजे माल तोच, कारखाना दुसरा. बुबुळाच्या खालच्या कडेलाही तशाच दिसणाऱ्या पेशी असतात, पण त्या हे काम करत नाहीत.

आता वोल्फला हे करायचंच का होतं ते बघा. त्याला न्यूटच्या डोळ्यात फारसा रस नव्हता. त्याला डार्विनची नैसर्गिक निवड खोडून काढायची होती. त्याचा युक्तिवाद असा: निसर्गात कुठल्याही न्यूटचं फक्त भिंग, बाकी डोळ्याला धक्का न लावता, निघत नाही. ही इजा कधी झालेलीच नाही, तर ती भरून काढण्याची क्षमता निवडीतून कशी येईल? मग सजीवांमध्ये मुळातच काही हेतुपूर्णता असली पाहिजे.

प्रयोगाची आखणी म्हणून हे जबरदस्त आहे, मान्य करायलाच हवं. समोरच्या सिद्धांताला जिथे उत्तर देणं सर्वांत अवघड जाईल नेमकी तीच जागा त्याने शोधली. ऑगस्ट वाइसमान हा निवडीचा कट्टर समर्थक. त्याचं म्हणणं, जो अवयव वारंवार जखमी होतो आणि महत्त्वाचा असतो, तिथेच पुनरुत्पत्तीची क्षमता दिसते. थॉमस हंट मॉर्गनने 1901 च्या ‘रीजनरेशन’ या पुस्तकात वाइसमानचा हा मुद्दाच खोडला: शंखात राहणाऱ्या खेकड्याचे शंखाआड लपलेले, क्वचितच जखमी होणारे पायही उगवतात. पण म्हणून वोल्फ बरोबर ठरत नाही. क्षमता एका कारणाने आलेली असू शकते आणि ऐनवेळी दुसऱ्याच ठिकाणी उपयोगी पडू शकते. वोल्फच्या तर्कातली फट इथे आहे. त्याने ‘ही इजा झाली नाही’ यावरून थेट ‘ही क्षमता निवडीतून आली नाही’ असं अनुमान काढलं. असाच तर्क करताना स्वतःला पकडा!

आणखी एक गोष्ट. हे भिंग वोल्फने पहिल्यांदा पाहिलं नव्हतंच. व्हिन्चेन्झो कोलुच्ची या इटालियन संशोधकाने 1891 मध्येच ते नोंदवलं होतं. तरी पुस्तकांत वर्षानुवर्षे ‘वोल्फीय पुनरुत्पत्ती’च छापलं जातं. माझ्या मते याचं एक कारण वोल्फचा भांडकुदळ प्रश्नच असावा. वादात पडलेला निबंध जास्त वाचला जातो. ग्रंथसूची करताना नावावर विसंबू नका, साल बघा.

हेतुपूर्णतेचा वाद विरला, प्रयोग चालूच राहिला. जपानमध्ये गोरो एगुची यांनी त्याच न्यूटांची भिंगं 16 वर्षांत 18 वेळा काढली. 2011 मध्ये पानागिओटिस त्सोनिस यांच्यासह छापलेल्या निबंधात अठरावं भिंग तपासलं आहे. तोवर ते न्यूट किमान तीस वर्षांचे होते, आणि भिंग जवळजवळ पहिल्यासारखंच.

हे वाचून न्यूट पाळणाऱ्यांना वाटतं, डोळा पांढरा पडला तरी काळजी नको, उगवेल. थांबा. पांढरेपणा पारपटलावर आहे की आत भिंगात, हे आधी बघावं लागतं. पारपटलाचा असेल तर जखम, जंतुसंसर्ग किंवा टाकीतल्या पाण्यातला अमोनिया ही कारणं तपासायची. पाणी तपासून बदलायचं आणि उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जायचं. आत मोतीबिंदू असेल तरी भिंग जागेवर आहे. येल विद्यापीठातल्या लिऑन स्टोन यांच्या प्रयोगांत दिसलं की जागेवरचं भिंगच बुबुळाला नवं भिंग करण्यापासून रोखतं. आणि ॲक्सोलॉटल पाळला असेल तर तो न्यूटचा नातलग असूनही मोठेपणी ही क्षमता त्याच्यात नसते. अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दोन आठवडेच ती असते.