एक्झॉस्ट पंख्याची विद्युत जोडणी

एक्झॉस्ट पंखा हा बंदिस्त जागेतील दमट, उष्ण किंवा दूषित हवा बाहेर फेकणारा विद्युत पंखा होय. स्नानगृहातील नादुरुस्त पंख्याच्या जागी नवा पंखा बसवणे हे काम साधे मानले जाते. मात्र ओल्या त्वचेचा विद्युतरोध कमी असल्याने तेथे बसणारा धक्का प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे तारा जोडण्याइतकेच त्या निर्विद्युत असल्याची खात्री करणेही महत्त्वाचे असते.

तारा व रंगसंकेत

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. पंख्यापर्यंत सामान्यतः तीन तारा येतात : फेज, न्यूट्रल आणि अर्थ. भिंतीतील वायरिंगमध्ये प्रचलित संकेतानुसार फेजसाठी लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलसाठी काळा आणि अर्थसाठी हिरवा रंग वापरतात. उपकरणांच्या लवचीक केबलमध्ये मात्र तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थची असते. म्हणजेच निळी तार पंख्यात न्यूट्रल, तर भिंतीत फेज असू शकते. जुन्या इमारतींत संकेत पाळलेला असेलच असे नाही. म्हणून केवळ रंगावरून तार ओळखू नये. दुहेरी निरोधन असलेल्या पंख्यांना अर्थची आवश्यकता नसते. त्यांच्यावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते.

बंद बटण आणि वीजप्रवाह

बटण फेज तारेवर असणे आवश्यक आहे. ते चुकून न्यूट्रलवर बसवले असल्यास बटण बंद केल्यावर पंखा थांबतो, परंतु त्याच्या टर्मिनलवर फेजचा विद्युतदाब कायम राहतो. टायमर असलेल्या पंख्यांत हीच स्थिती योग्य जोडणीतही आढळते. दिवा मालवल्यानंतर काही मिनिटे पंखा चालू राहावा यासाठी त्यांना बटणातून येणाऱ्या फेजखेरीज एक कायमस्वरूपी फेज दिलेली असते. ब्रिटनमध्ये अशा पंख्यासाठी दोन्ही फेज व न्यूट्रल एकाच वेळी तोडणारा तीनध्रुवी विलगक वापरण्याची पद्धत आहे. थोडक्यात, पंखा थांबणे हा वीज खंडित झाल्याचा पुरावा नव्हे.

बदलण्याचा क्रम

प्रथम मुख्य स्विच बंद करून तो दुसऱ्या कोणी सुरू करणार नाही अशी व्यवस्था करतात. त्यानंतर मल्टिमीटर चालू विद्युतस्रोतावर तपासून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ यांमधील दाब मोजतात. निऑन टेस्टरचा दिवा लागण्यासाठी वापरणाऱ्याच्या शरीरातून सूक्ष्म प्रवाह जावा लागतो. त्यामुळे तो न लागणे निर्णायक मानत नाहीत. जुन्या जोडणीचे छायाचित्र घेऊन तारा सोडवतात. नव्या पंख्याच्या टर्मिनलमध्ये तांब्याचा उघडा भाग बाहेर राहणार नाही अशा रीतीने तारा घट्ट बसवतात. सैल जोड तापतो आणि त्यातून आग लागू शकते. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी गळतीप्रवाह झाल्यास पुरवठा तोडते. मात्र जमिनीपासून विलग असलेल्या व्यक्तीचा फेज व न्यूट्रल या दोहोंना एकाच वेळी स्पर्श झाल्यास ते संरक्षण देऊ शकत नाही.

कायदेशीर तरतूद

भारतीय वीज नियम, १९५६ मधील नियम ४५ नुसार विद्युत मांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच करणे बंधनकारक होते. मांडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलता दिवे, पंखे, फ्यूज व स्विच बदलण्यास त्यातून सूट होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही ही विभागणी कायम राहिली. त्यामुळे जुन्याच तारांवर पंखा बदलणे आणि त्यासाठी नवी तार ओढणे ही कायद्याच्या दृष्टीने भिन्न कामे ठरतात.

मर्यादा

एक्झॉस्ट पंखा हा गॅस गिझरपासून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड विषबाधेवरील उपाय नाही. बाहेरील हवा आत येण्यास वाट नसल्यास पंख्यामुळे खोलीतील दाब घटतो आणि गिझरच्या धुराड्यातील वायू उलट आत ओढले जाऊ शकतात.