पुलीचा हिशेब

गेल्या आठवड्यात शारजाहून भाच्याचा फोन आला. तिथल्या एका गॅरेजमध्ये तो चार वर्षांपासून मेकॅनिक आहे. सलाम-दुआ झाली आणि तो म्हणाला, "मामू, गिऱ्हाईक म्हणतो फक्त पुली बदल, बाकी कशाला हात लावू नको. शेठ म्हणतो, तो पैसे देतोय ना, मग बसव. मी नाही म्हटलं. दोन दिवस झाले, शेठ माझ्याशी बोलत नाही. माझं चुकलं का?"

गाडी होती फोर्डची एफ-१५० लाइटनिंग, २००१ सालची अमेरिकन पिकअप. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इंजिनाशी माझा संबंध स्कूटरला किक मारण्यापुरता. पण जुनं खणून काढायची खोड आहे. त्याच्याकडून दोन दिवस मागून घेतले आणि वाचत बसलो.

गोष्ट हवेपासून सुरू होते. पेट्रोल नीट जळायला वजनाने एका भागाला साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते. जास्त पेट्रोल ओतणं सोपं. जास्त हवा कोंबणं अवघड. हवा कोंबणारं जे यंत्र इंजिनाच्याच ताकदीवर पट्ट्याने किंवा गिअरने फिरतं, तो सुपरचार्जर.

हे यंत्र मोटारीसाठी जन्मलंच नव्हतं. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीचं पाणचक्र सुधारता सुधारता त्यांनी एकमेकांना लगटून उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन पात्यांचं यंत्र केलं. ते पाण्यापेक्षा हवेच्या कामाला बरं निघालं. १८६० मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि रूट्स ब्लोअर ओतशाळांच्या भट्ट्यांना व खाणींना हवा पुरवू लागला.

मोटारीपर्यंत यायला त्याला साठ वर्षं लागली. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जरच्या गाड्या मांडल्या. त्यांत ब्लोअर सतत चालत नसे. पॅडल तळापर्यंत दाबलं की तेवढ्यापुरता जोडला जाई.

पुढचं वळण ट्रकमुळे आलं. १९३८ मध्ये जनरल मोटर्सने टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांची ७१ मालिका काढली. या इंजिनांना जळका धूर बाहेर ढकलून ताजी हवा आत घ्यायला ब्लोअर लागतोच. सहा सिलिंडरच्या इंजिनावरचा तो '६-७१'. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या हौशी पोरांनी हे ब्लोअर मिळवून पेट्रोलच्या व्ही-आठ इंजिनांवर चढवले. ब्लोअर क्रँकपेक्षा जलद फिरवायचा की सावकाश, हे ते पुल्या बदलून ठरवत. भाच्यापुढचा प्रश्न असा निदान सत्तर वर्षं जुना आहे.

लाइटनिंगची दुसरी पिढी १९९९ मध्ये आली. ५.४ लिटरचं व्ही-आठ इंजिन आणि त्यावर ईटन कंपनीचा एम-११२ सुपरचार्जर. हासुद्धा रूट्स जातीचाच. ताकद ३६० अश्वशक्ती, २००१ पासून ३८०.

आता थोडं गणित. पट्ट्यावर चालणारी पिठाची गिरणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते लगेच कळेल. चालवणारी पुली मोठी आणि चालणारी लहान, तर चालणारी जलद फिरते. समजा क्रँकची पुली १८० मिलिमीटरची आणि सुपरचार्जरची ९० ची. इंजिनाच्या एका फेऱ्यात सुपरचार्जरचे दोन फेरे. एम-११२ एका फेऱ्यात सुमारे १.८४ लिटर हवा ढकलतो, म्हणजे दोन फेऱ्यांत ३.६८ लिटर. फोर-स्ट्रोक असल्यामुळे ५.४ लिटरचं इंजिन एका फेऱ्यात २.७ लिटरच घेऊ शकतं. वरची हवा दाबून बसते, तोच बूस्ट. आता ९० ची पुली काढून ८० ची बसवा. दोनाचे सव्वादोन फेरे झाले आणि हवा ४.१४ लिटर झाली. एका लहानशा पुलीने साडेबारा टक्के हवा वाढली! थोडी हवा गळते, पण हिशेबाची दिशा हीच.

या जादूचं बिल दुसरीकडे येतं. दाबलेली हवा तापते. रूट्स जातीत तर जास्तच, कारण तो हवा आतल्या आत दाबत नाही, नुसती पुढे लोटतो. वाढलेल्या हवेला पेट्रोलही वाढवून द्यावं लागतं. गाडीचा संगणक काही हद्दीपर्यंत ते देतो, पण हवा मोजणाऱ्या सेन्सरला आणि इंजेक्टरला मर्यादा आहे. ती ओलांडली की मिश्रण कोरडं पडतं, इंजिन नॉक करू लागतं आणि पिस्टन जायला वेळ लागत नाही. शिवाय लहान पुलीवर पट्ट्याची पकड कमी, म्हणून तो घसरतो. तेव्हा पुलीबरोबर संगणकाचं ट्यूनिंग, ठिणगीची वेळ, थंड जातीचे स्पार्क प्लग, पट्टा, हवा गार करणारा इंटरकूलर, हे सगळं तपासावंच लागतं. आणि हे शारजाच्या उन्हाळ्यात, जिथे हवा आत शिरण्याआधीच तापलेली असते.

कारखान्याने मोठी पुली लावली ती कंजुषी म्हणून नव्हे. हलकं पेट्रोल भरणारा, मागे वजन जोडून चढ चढणारा, भर दुपारी गाडी पळवणारा, अशा सगळ्यांसाठी राखलेली ती जागा आहे. ती वापरायला मनाई नाही. पण जो वापरेल त्याने मोजून वापरावी.

मी भाच्याला फोन केला. म्हटलं, "बेटा, तुझं चुकलं नाही. पण नुसतं नाही म्हणून गप्प बसलास, तिथे थोडं चुकलं. पुलीसोबत काय काय लागेल, किती खर्च येईल, लिहून शेठपुढे ठेव. इंजिन बसलं तर गिऱ्हाईक गॅरेजच्याच दारात येणार, हेही सांग."

त्याने यादी लिहिली. शेठने ती वाचली आणि काही न बोलता खिशात घातली. गाडी अजून जुन्याच पुलीवर उभी आहे.