श्रीखंडे यांचा दुसरा निबंध

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचे नाव आपल्याकडे निघते ते ऑयलरमुळे. १९५९ मध्ये राजचंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि श्रीखंडे यांनी ऑयलरचे पावणेदोनशे वर्षांचे अनुमान खोटे ठरवले. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांचा संकेतरचनेवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याची दखल मराठीत घ्यायला हवी, असे मला वाटते.

या निबंधात त्यांनी संकेतांचा हॅडामार्ड सारण्यांशी संबंध जोडला. हॅडामार्ड सारणी म्हणजे +१ आणि −१ यांचा असा चौकोन, की त्याच्या कोणत्याही दोन ओळी निम्म्या जागी जुळतात, निम्म्या जागी भिन्न असतात. ३२ चिन्हांच्या ओळी घ्या. वाटेत सात चिन्हे उलटली, तरी आलेली ओळ मूळ ओळीपासून सातच जागी वेगळी असते. इतर प्रत्येक ओळीपासून निदान नऊ जागी. जवळची ओळ निवडली की चूक दुरुस्त.

१९७१ मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या मरीनर-९ ची छायाचित्रे अशाच संकेतात आली. ३२ ओळी आणि त्यांच्या उलट ३२, मिळून करड्या रंगाच्या ६४ छटा. त्या संकेताचे श्रेय म्युलर आणि रीड यांचे. ते श्रीखंड्यांच्या पदरात घालण्याचे कारण नाही. त्यांचे काम वेगळे. शेतातल्या प्रयोगांची आखणी करताना वाढलेले मांडणीचे गणित संदेश सांभाळायलाही लागू पडते, हे या दोघांनी दाखवले. पुढे मुंबई विद्यापीठात शिकवणाऱ्या या गणितज्ञाची ओळख ऑयलरपाशी थांबवली, तर हा दुवा आपल्या हातून निसटतो.