फ्लोरिडाच्या पाण्यात बोटींना वेगमर्यादा कशासाठी?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात नद्या, खाड्या आणि कालव्यांमध्ये बोटींचा वेग कमी करायला सांगणारे फलक जागोजागी दिसतात. यातले बरेच फलक मॅनेटी नावाच्या सस्तन प्राण्यासाठी आहेत. सुमारे ३ मीटर लांब, ४५०-५०० किलो वजनाचा हा प्राणी पूर्ण शाकाहारी असतो. भारताच्या किनाऱ्यावर आढळणारी समुद्री गाय, म्हणजे ड्युगाँग, ही त्याची नातेवाईक.

मॅनेटीला दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर यावं लागतं. त्याचं अन्न म्हणजे समुद्री गवत. ते वाढतं उथळ पाण्यात आणि तिथेच बोटींचीही वर्दळ असते. पाण्याचं तापमान २० अंश सेल्सिअसखाली गेलं की हे प्राणी क्रिस्टल रिव्हरसारख्या ठिकाणी उबदार झऱ्यांकडे गर्दी करतात. म्हणूनच काही भागांत मर्यादा फक्त हिवाळ्यापुरती असते.

पंख्याला जाळी बसवली तर?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. पण अनेक मॅनेटी पंख्याच्या पात्यांनी नव्हे, तर बोटीच्या तळाच्या धडकेने मरतात. बरगड्या मोडतात, फुप्फुसं फाटतात. जाळीने ते टळत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, त्यामुळे खरा उपाय वेग कमी करणं हाच. राज्यात नोंदल्या जाणाऱ्या मॅनेटींच्या मृत्यूंपैकी साधारण २० ते २५ टक्के बोटींमुळे होतात. जे वाचतात त्यांच्या पाठीवर व्रण राहतात. ते इतके सर्रास दिसतात, की अभ्यासक व्रणांच्या नोंदींवरूनच एकेक प्राणी ओळखतात.

फलकावर आकडा का नसतो?

फ्लोरिडाने १९७८ मध्ये मॅनेटी संरक्षण कायदा केला. त्याखालच्या काही पट्ट्यांत ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, अशी सरळ मर्यादा आहे. मात्र अनेक फलकांवर 'आयडल स्पीड' किंवा 'स्लो स्पीड' एवढंच लिहिलेलं असतं. पहिल्याचा अर्थ, बोट वळवता येईल इतकाच किमान वेग. दुसऱ्याचा अर्थ, बोट पाण्यात पूर्ण बसलेली हवी, नाक वर उचललेलं नको. लहान-मोठ्या बोटींसाठी हा वेग वेगवेगळा असतो, त्यामुळे आकडा देऊन उपयोग नाही. शिवाय नाक वर गेलं की चालकाला समोरचं पाणी नीट दिसत नाही.

यावर एक आक्षेप असा होता, की हळू बोटीचा खोल आवाज मॅनेटीला नीट ऐकूच येत नाही, मग वेग कमी करून फायदा काय? पण प्राण्यांना उपकरणं लावून केलेल्या निरीक्षणांत दिसलं, की बोट हळू असेल तर त्यांना बाजूला व्हायला किंवा खोल जायला जास्त वेळ मिळतो.

मग मॅनेटी सुरक्षित झाले का?

२०१७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यांना 'संकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली, 'धोक्यात असलेल्या' गटात आणलं. आणि चारच वर्षांनी, २०२१ मध्ये, राज्यात १,१००हून अधिक मॅनेटी मेले. या वेळी मुख्य कारण बोटी नव्हत्या, उपासमार होती. इंडियन रिव्हर लगूनमध्ये सांडपाणी आणि खतांमुळे शेवाळ माजलं, सूर्यप्रकाश अडला आणि गवत मरून गेलं. त्या हिवाळ्यात सरकारी यंत्रणांना मॅनेटींसाठी पाण्यात लेट्यूसची पानं टाकावी लागली.